हयात मुलं किती

"यातलं खरं काय समजायचं मी?" दर्शना सिस्टरनं दोन अर्ज टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

दक्षताच्या अर्जात 'हयात मुलं' या रकान्यात दोन लिहिलेलं होतं. जयेशच्या अर्जात शून्य. आडनाव एक, पत्ता एक, डोंबिवलीतलं मोठागाव. नवरा-बायकोला वेगवेगळं बसवून अर्ज भरून घ्यायची या दवाखान्याची पद्धत होती, ती अशासाठीच.

"वहिनींचं बरोबर आहे," जयेश घाईनं म्हणाला. "म्हणजे, हिचं."

"वहिनी?" सिस्टरनं चष्मा काढला. "अहो, ही तुमची कोण नक्की? कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन उलटवायला आलात ना तुम्ही? नळ्या परत जोडून मूल कुणाला हवंय, तेच कळेना मला."

दक्षतानं पदर सारखा केला. "बायको आहे मी त्यांची. आधी वहिनी होते. यांचे मोठे भाऊ सुदेश, ते काविळीनं गेले. दोन वर्षांनी सासूबाईंनी आमचं लग्न लावलं. मुलं सुदेशची. माझं ऑपरेशनही तेव्हाचंच, अनिमेष झाल्यावरचं."

सिस्टर थोडी नरमली. तरी लग्नाचा दाखला तिनं दोनदा उलटसुलट पाहिला. "बसा बाहेर. डॉक्टरांना विचारते."

बाकावर दोघांच्या मध्ये एका माणसाची जागा सुटली.

तीन महिन्यांपूर्वी सासूबाई, रंगूबाई, कोलंबी सोलता सोलता म्हणाल्या होत्या, "माझा धाकला बिनपोराचाच ऱ्हाणार का गो?" दक्षता लगेच हो म्हणाली होती. नाही म्हटलं असतं तर त्यांनी दुसरी आणली असती, असं तिला वाटलं. पण हो म्हटल्यापासून ती जयेशला न्याहाळू लागली. रेशन कार्डावर त्यानं थोरल्या सान्वीच्या नावापुढे 'पुतणी' लिहून घेतलं होतं. शाळेच्या फॉर्मवर नात्याच्या जागी 'काका'. आणि आता हे शून्य. रोज सकाळी देवापुढं दिवा लावताना तिचं मागणं एकच असायचं, या माणसाच्या मनात काय आहे ते कळू दे.

"शून्य लिहिलंस," ती म्हणाली.

"मग काय लिहू? दोन लिहिलं तर दादाला खोडल्यासारखं नाय का?"

"आणि शून्य लिहून कोणाला खोडलंस?"

"काय तू पण! अन्याला क्लासला रोज कोण सोडतो?"

"ते तू आधीपण सोडायचास. काका म्हणून."

जयेश समोरच्या भिंतीवरचं बाळाचं पोस्टर बघत बसला.

"तुझं झाल्यावर माझी दोन कुठं?"

"घरातच. अजून कुठं?"

"तुला हवंय ना? खरं सांग."

"हवंय," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू? मला कोणीतरी बाबा म्हणावं असं वाटतं. वाटू नये का?"

तिनं त्याच्या चेहऱ्यावर लबाडी शोधली. सापडली नाही. सापडली असती तर उठून घरी जाणं सोपं होतं.

डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं. जुना रिपोर्ट वाचून त्या म्हणाल्या, "तेव्हा नळ्यांना रिंग घातलीय. त्या फारशा खराब झालेल्या नाहीत, जोडता येतील. पण मूल राहीलच असं नाही. आणि राहिलं तर कधीकधी नळीतच अडकतं, म्हणून दिवस गेले की लगेच यायचं." मग त्यांनी फक्त दक्षताकडे पाहिलं. "तुम्हाला करायचंय?"

असं तिला कोणी विचारलंच नव्हतं.

"करायचंय. पण अर्ज परत भरायचाय. दोघांचा मिळून एकच."

सिस्टरनं कोरा अर्ज दिला. जयेशचं पेन त्या रकान्याशी येऊन थांबलं. त्यानं कागद तिच्याकडे सरकवला. दक्षतानं दोन लिहिलं. तेवढ्यावर न थांबता सान्वी सुदेश, अनिमेष सुदेश अशी नावं लिहिली. अक्षरं रकान्याबाहेर गेली. खाली तिनं 'सांभाळणारे' असं लिहून पुढची जागा मोकळी सोडली.

"अहो बाई, एवढं नाही लिहायचं त्यात," सिस्टर म्हणाली.

"असू दे."

जयेशनं ते दोनदा वाचलं आणि मोकळ्या जागेत नाव घातलं, जयेश गुणाजी, आडनावासकट. खाली सहीही केली.

"मंगळवारी या," सिस्टर म्हणाली. "उपाशीपोटी."

"मंगळवारी उपासच असतो माझा. सिस्टर, घरी ठेवायला याची एक झेरॉक्स पाहिजे मला."

"फाइलचा कागद आहे तो."

"लगेच आणून देते."

जयेशनं हात पुढे केला. "दे, मी काढून आणतो. तू बस."

तिनं कागद दिला नाही. स्वतःच जिना उतरली.

खालच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या मुलीनं कागद काचेवर पालथा ठेवला. झाकणाखालून उजेड सरकत गेला, तोवर दक्षता बाहेर राहिलेल्या कोपऱ्यावर बोट दाबून उभी होती.