बिळं शून्य

"अक्षर तुमचंच ना हे?" साहेबांनी वही त्याच्यापुढे सरकवली.

माळाच्या राखणदाराने पाहिलं. अक्षर त्याचंच होतं. खोकडांची बिळं : शून्य. माळावरच्या त्या लहानग्या कोल्ह्यांची नोंद एकवीस वर्षं, दर वर्षी शून्य.

"मग आता झाडं लावायची म्हटल्यावर खोकडं कुठून आली? आभाळातून पडली?"

"पहिल्यापासून आहेत साहेब. सात बिळं आहेत. मीच लिहिली नाहीत."

नोकरीच्या पहिल्या वर्षी त्याने इमानदारीत नकाशासकट लिहिली होती. वही कचेरीत गेली आणि आठवड्यात कोणीतरी नेमका बिळांत धूर घातला. ती वही पुढे वाळवीने खाल्ली. तेव्हापासून त्याने शून्य लिहायला घेतलं. ज्याचा पत्ता नाही ते जनावर जगतं, एवढं एकच शहाणपण तो कमावून बसला होता.

"साहेब, बिळांत पिल्लं आहेत. अजून महिनाभर बाहेर पडायची नाहीत. आणि झाडी झाली की खोकड राहत नाही, त्याला उघडं गवतच लागतं."

"कागदोपत्री माळ ओसाड म्हणून लागलाय. झाडं लावून कोणाचं वाईट झालंय का? उद्या खड्डे घ्यायला मशीन येईल. खड्ड्यांच्या खुणांना चुन्याची फक्की तुम्हीच मारा, जमीन तुमच्या पायाखालची आहे."

घरी बायको म्हणाली, "अहो, निदान मला तरी सांगायचं!"

"तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. आणि तुझ्या भावाला शिकारीचा नाद."

ती चुलीकडे वळली. धूर कोणी घातला होता हे बहुधा तिलाही ठाऊक असावं.

सकाळी तो फक्कीची पिशवी घेऊन माळावर गेला. मागे मशीन घरघरत होतं. सातव्या बिळाच्या उंचवट्यावर मादी बसली होती, मांजराएवढी, काळ्या टोकाची शेपटी पायांभोवती गुंडाळून. तिच्या आजी-पणजीपासून त्याच्या वासाची सवय. माणसाला भ्यायचं असतं हे त्याने तिला शिकूच दिलं नव्हतं.

"जा! पिल्लं उचल आणि जा गं बाई!"

ती हलली नाही. त्याने ढेकूळ उचललं आणि जन्मात पहिल्यांदा तिच्यावर भिरकावलं. ते तिच्या पाठीत बसलं.

ती चार पावलं सरकली. मग परत फिरून बिळाच्या तोंडाशी बसली आणि त्याच्याकडे बघत राहिली.