फटीवरून गेलेली तार

बाळांनो, जरा कल्पना करा. तुम्ही गच्चीवरून धावताय आणि खालच्या मजल्यावर, बरोबर तुमच्या पावलांखालून, तुमचा मित्र उलट दिशेने धावतोय. सर्किट बोर्डावर विजेच्या इशाऱ्याचं, म्हणजे सिग्नलचं, असंच असतं. तो तारेतून पुढे जातो, तेव्हा त्याचा परतीचा प्रवाह तारेखालच्या तांब्याच्या थरातून मागे येतो. आता त्या खालच्या मजल्याला मधोमध भेग पडली तर? मित्राला लांबून वळसा पडेल आणि वाटेत तो भलत्यांनाच धडका देत सुटेल.

मुंगीच्या घरात त्या दुपारी हेच चाललं होतं, पण कुणाला कळत नव्हतं.

मुंगी ही नऊ वर्षांची मुलगी. आजारपणात तिच्या बाबांची वाचा गेली, हातपाय गेले. एक बोट तेवढं हलायचं. मावशीचं काम सर्किट बोर्ड आखण्याचं. तिने बाबांसाठी बोलकी पेटी केली. बोटाने बटण दाबलं की पेटी म्हणायची, "पाणी." "दुखतंय." "कूस बदला." पण दोन-तीन शब्द झाले की किंचाळून बंद पडायची. आणि आज बाबांना लांबच्या रुग्णालयात नेणार होते. तिथे घरच्यांना राहू देत नव्हते. पेटी नसेल, तर तहान लागल्याचं तरी ते कुणाला कसं सांगणार?

मावशीने स्पीकर बदलला, बॅटरी बदलली, प्रोग्रॅम पुन्हा भरला. पेटी किंचाळलीच.

"मावशी, गाडी आली!"

"येऊ दे! डोकं नको खाऊस," मावशी खेकसली. मग डोळे पुसून तिने बोर्डाचं चित्र पुन्हा पडद्यावर उघडलं. तारा आखताना ती खालचे थर झाकून ठेवायची. रंगांची गर्दी तिला खपत नसे. आता तिने सगळे थर एकदम उघडले, आणि कपाळावर हात मारला.

"अगं बाई! स्पीकरची वीज तांब्याच्या एका तुकड्यात, चिपची दुसऱ्यात, मध्ये फट. आणि माझी शहाणीची तार नेमकी त्या फटीवरून! जवळचा रस्ता म्हणून मिरवत होते मी."

"मग दोन तुकडे तारेने जोड ना."

"दोन्हींतल्या विजेचा दाब वेगळा, मुंगे. जोडले तर चिप जळेल. तिथे कपॅसिटर हवा. तो संथ वीज अडवतो, पण धावत्या इशाऱ्याला पलीकडे जाऊ देतो."

मोहरीएवढा कपॅसिटर. खालचं तांबं उघडं करायला मावशीने पात्याने बोर्डाचा हिरवा रंग खरवडला. कपॅसिटर चिमट्यातून उडाला तो उडालाच. तिने दुसरा काढला.

"ताई, चला," दारातून चालक म्हणाला.

"थोडं थांबा ना, दादा."

"सगळेच थोडं म्हणतात हो. मला अजून दोन घरचे पेशंट घ्यायचेत."

चालकाने आणि त्याच्या मदतनिसाने बाबांना उचलून खाली नेलं. जाताना त्यांचं बोट स्ट्रेचरच्या दांडीवर टकटक करत होतं. काय म्हणायचं होतं, कुणास ठाऊक. मावशीने वर पाहिलं नाही. कपॅसिटर जोडायचं सोल्डर अजून वितळत नव्हतं.

मुंगी जिना उतरून धावली आणि गाडीच्या पुढच्या चाकासमोर रस्त्यात फतकल मारून बसली.

"ए पोरी, ऊठ!" चालकाने हॉर्न दाबला.

"वाजवा, काका," मुंगी म्हणाली, आणि तिने दोन्ही हातांनी चाक धरून ठेवलं.