दोनदा खट्

मार्च महिन्यात गोविंद गायधनी तीन वेळा चावी घरात विसरून बाहेर पडले. पहिल्यांदा कुलूपवाल्याला बोलवावं लागलं. दुसऱ्यांदा स्वयंपाकघराच्या खिडकीचा गज कापला. तिसऱ्यांदा ते सोसायटीच्या पार्किंगमध्ये, वॉचमनच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, पत्नी मालिनीबाई भिशीहून परत येईपर्यंत पावणेदोन तास बसून राहिले. वॉचमनने ही तिसरी गोष्ट पुण्याला आल्हादच्या कानावर घातली.

आल्हाद हा त्यांचा एकुलता एक मुलगा, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. त्याने त्याच संध्याकाळी फोन केला.

"बाबा, दोनच पर्याय आहेत. एक तर दाराला स्मार्ट लॉक बसवू, नाहीतर तुम्ही दोघं इकडे राहायला या. माझ्याच कॉम्प्लेक्समध्ये बाराव्या मजल्यावर एक फ्लॅट रिकामा होतोय."

"बाराव्या मजल्यावर मी काय करू? एकलहऱ्याला चिमणीवर चढायचो, तेव्हा त्याचा पगार तरी मिळायचा."

गोविंदरावांनी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात तेहेतीस वर्षं काढली होती, त्यातली एकोणीस कंट्रोल रूममध्ये. निवृत्तीनंतर गंगापूर रोडच्या या फ्लॅटमध्ये आले, त्याला अकरा वर्षं झाली. सकाळचं फिरणं, फिरून झाल्यावर चार जणांचा चहा, गुरुवारी मालिनीबाईंचं भजनी मंडळ. नाशिक सोडायची दोघांचीही इच्छा नव्हती. शेवटी असं ठरलं की लॉक बसवायचं आणि महिनाभर बघायचं. जमलं तर नाशिक, नाही जमलं तर पुणे.

एक एप्रिलला लॉक बसवायला महेश आला. तो दिंडोरीचा. आधी द्राक्षाच्या बागांवर कॅमेरे बसवायचा, आता दारांकडे वळला होता. त्याने जुनं कुलूप काढलं, चाव्यांचा जुडगा मालिनीबाईंच्या हातात ठेवला आणि म्हणाला, "हा आता नातवाला खेळायला द्या काकू. चावीचं काम संपलं."

"नातू नाही अजून."

"मग राहू द्या. होईल."

त्याने तिघांचे आवाज मशीनमध्ये भरले. आल्हादचा फोनवरून, या दोघांचा समोर बसून. प्रत्येकी दहा वाक्यं वाचायची होती. मालिनीबाईंनी ती आकाशवाणीच्या बातम्यांसारखी वाचली.

"लय सोपं हाय," महेशने समजावलं. "घरी आले की दारासमोर नुसतं बोलायचं. 'आलो' म्हणा, 'येतोय' म्हणा, कायबी म्हणा. त्याला मराठी कळतं. दार उघडणार, हॉलचा दिवा लागणार, गिझर चालू होणार."

"आणि बाहेर पडताना?" गोविंदरावांनी विचारलं.

"दार ओढून घ्यायचं. खट् वाजलं की समजायचं लागलं."

"आणि नाही लागलं तर?"

"घरात कोणी नाय आणि दार उघडं, असं झालं तर दहा मिनिटांत साहेबांच्या मोबाइलवर पुण्याला मेसेज."

गोविंदरावांना व्यवस्था पटली. पण ज्या यंत्राची नोंद आपण ठेवत नाही, त्याच्यावर विश्वास ठेवायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी दोनशे पानी वही आणली आणि रकाने आखले: तारीख, वेळ, कोण, खट्, शेरा. घर रिकामं सोडून बाहेर पडताना दर वेळी लिफ्टसमोर उभं राहून नोंद करायची.

दुसऱ्याच दिवशी त्यांच्या लक्षात आलं की लॉक दोनदा वाजतं. दार ओढलं की एक खट्, आणि मालिनीबाई चपला घालून सरळ उभ्या राहतात न राहतात तोच दुसरं.

"डबल लॉक आहे," ते समाधानाने म्हणाले. "दोन खट् झाल्याशिवाय मी लिफ्टचं बटण दाबणार नाही."

"नका दाबू. पण चला आता, भाजी संपेल."

त्याच दुपारी आल्हादचा फोन आला.

"बाबा, दार उघडं टाकून गेलात."

"शक्य नाही. दोनदा खट् ऐकलं मी."

"अकरा बेचाळीस ते एक पंधरा दार उघडं होतं. इथे दिसतंय मला."

"मलाही दिसतंय. वहीत. अकरा बेचाळीस, दोघे, खट् दोन, शेरा उत्तम."

आल्हाद हसला. पुढच्या मेसेजला थोडं कमी हसला. सहाव्या मेसेजनंतर त्याने हसणं बंद केलं आणि तो अतिशय गोड बोलायला लागला. गोविंदरावांना ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं. त्यात दोघे मिळून परतले की खालूनच हॉलचा दिवा चालू दिसायचा आणि भर दुपारी नळाला लगेच कढत पाणी यायचं.

"दिवा तुम्हीच ठेवलात," मालिनीबाई म्हणायच्या.

"मी बंद केला होता."

"मग काय देवांनी लावला?"

नवव्या मेसेजनंतर आल्हाद म्हणाला, "बाबा, इथे एक डॉक्टर आहेत. औषध वगैरे काही देत नाहीत लगेच, नुसत्या गप्पा मारतात. शंभरातून सात-सात वजा करायला सांगतात, बस."

"त्र्याण्णव," गोविंदराव म्हणाले. "शहाऐंशी. एकोणऐंशी. बहात्तर."

"बाबा, आत्ता नाही."

"पासष्ट. अठ्ठावन्न. एक्कावन्न." ते दोनपर्यंत न थांबता उतरले आणि फोन ठेवून दिला.

पण दुसऱ्या दिवशी मालिनीबाई दळण घेऊन लिफ्टमधून बाहेर आल्या, तर गोविंदराव बंद दारासमोर उभे होते आणि दाराची मूठ ओढून बघत होते. एकदा, दोनदा, चारदा.

"काय करताय हो?"

"एकटा असलो की एकच खट् वाजतं. बसतच नाही नीट." मग त्यांनी मूठ सोडली. "मालिनी, खरं सांग. मी दार ओढतो ना गं?"

"ओढता. माझ्यासमोर ओढता."

"मग तो म्हणतो ते काय?"

गेले तीन दिवस नवरा चष्मा कुठे ठेवला हेही वहीत लिहितो आहे, हे मालिनीबाईंनी पाहिलं होतं. त्या दळण घेऊन आत गेल्या.

पंचवीस तारखेपर्यंत मेसेज चौदा झाले. सव्वीसला, शनिवारी, आल्हाद आला. रविवारी दुपारी चार वाजता पुण्याचा तो फ्लॅट बघायची वेळ त्याने एजंटकडून घेऊन ठेवली होती. नुसता बघायचा, असं तो तीनदा म्हणाला. मालिनीबाईंनी दोन दिवसांचे कपडे बॅगेत भरले. रविवारी सकाळी गोविंदरावांनी वही आणून मुलासमोर ठेवली.

"नोकरीत माझी एकही नोंद कोणी खोटी ठरवली नाही. तूही बघून घे, आणि मग कुठे न्यायचं तिथे ने."

आल्हादने आधी वडिलांचं मन राखायला वही उघडली. पाच मिनिटांनी त्याने मोबाइल काढून शेजारी ठेवला. दहा मिनिटांनी पेन्सिल मागितली.

महिन्यात घर तेवीस वेळा रिकामं पडलं होतं. नऊ वेळा मालिनीबाई आधीच बाहेर होत्या आणि गोविंदराव एकटे निघाले. त्या नऊही ठिकाणी वहीत 'खट् एक' होतं, आणि मोबाइलवर दार बंद. चौदा वेळा दोघे मिळून निघाले. चौदाही ठिकाणी 'खट् दोन', आणि मोबाइलवर दार उघडं. मिनिटाचाही फरक नव्हता.

"बाबा, दुसरं खट् लॉक लागल्याचं नाही. उघडल्याचं आहे."

गोविंदरावांनी चष्मा पुसला. "म्हणजे मी एकटा असतो तेव्हा सगळं बरोबर."

"हो."

"आणि ही बरोबर असली की दार उघडतं."

"वा!" मालिनीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "पंचवीस दिवस तुमच्या डोक्याची चौकशी, आणि आता माझ्यावर!"

"आई, तू बाहेर चल. रोज जशी निघतेस तशी नीघ. काही वेगळं करू नकोस."

तिघे बाहेर पॅसेजमध्ये आले. गोविंदरावांनी दार ओढलं. खट्. मालिनीबाईंनी चपला घातल्या, पिशवी खांद्याला लावली, बंद दाराकडे तोंड करून हात जोडले आणि आतल्या देवांना रोजच्यासारखं सांगितलं, "येते हं."

खट्.

या वेळी आल्हादने दाराला कान लावला होता. आतून एक गोड यांत्रिक आवाज बारीक म्हणाला, "या. स्वागत आहे." गिझर चालू झाल्याची बारीक शीळ वाजली.

आल्हाद आधी भिंतीला टेकला आणि मग खालीच बसला. हसू आवरून बोलायला त्याला वेळ लागला. "आई, तू त्याला सांगतेस की तू येतेयस."

"मग? येणारच आहे ना मी परत?"

"चाळीस वर्षं ही दारात हे म्हणते," गोविंदराव म्हणाले. "मला ऐकूच येत नाही आता. पंख्याच्या आवाजासारखं झालंय."

"पंखा म्हणा मला."

"सोपं आहे," आल्हाद उठला. "उद्यापासून 'जाते' म्हण. आणखी काही करायला नको."

मालिनीबाईंनी पिशवी खाली ठेवली. "काय म्हणू?"

"जाते."

"देवांसमोर उभी राहून? जाते म्हणून? कुठे जाते? कायमची?"

"आई, नुसता शब्द आहे तो."

"नुसता आहे तर मशीनला शिकव की. त्याला मराठी कळतं म्हणाला होता तो महेश."

आल्हादने लिफ्टपाशी जाऊन कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडची मुलगी नम्र होती आणि हिंदीत बोलत होती.

"जी सर, 'येतो' मतलब आ रहा हूँ. सिस्टिम सही काम कर रहा है."

"मॅडम, हम लोग निघते टाइम पे भी वही बोलते है."

"आप घर से जाते समय बोलते हैं कि मैं आ रहा हूँ?"

"हां."

"और आते समय क्या बोलते हैं?"

"आलो."

थोडा वेळ कीबोर्ड वाजला. "ओके सर. तो जाने के लिए मैं 'गेलो' डाल देती हूँ?"

"नको नको नको!" आल्हाद ओरडला. "मॅडम, वो मत डालिए. बिलकुल मत डालिए."

"क्यों सर?" मुलीने विचारलं. मालिनीबाईही म्हणाल्या, "काय रे? नुसताच शब्द आहे ना?"

आल्हादने फोन बंद केला. मग महेशला लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि तोही हसला. "साहेब, आमच्याकडं पण 'येतो'च म्हणत्यात. माझ्या डोक्यात नाय आलं बघा. मंगळवारी येतो, त्याचा कान काढून टाकू. बोटाचा ठसा घेतो, तेवढं राहू द्या. बोट लावलं की उघडंल, कायबी बोला."

"मंगळवारी नक्की ना?"

"येतो म्हणलं ना."

आल्हाद परत वडिलांजवळ आला. ते दाराशेजारी ताठ उभे होते, वही काखेत होती. वहीतला एक एप्रिलपासूनचा प्रत्येक आकडा बरोबर निघाला होता.

"सॉरी बाबा."

"सॉरीचं राहू दे. त्या डॉक्टरांना कळव, दोनपर्यंत उतरून झालंय म्हणावं."

तेवढ्यात आल्हादचा मोबाइल वाजला. पुण्याचा एजंट होता. त्याने पुन्हा स्पीकरच लावला. "सर, चारला येताय ना? मालकांना मुद्दाम थांबवून ठेवलंय. दुसरी पार्टी पण आहे."

मालिनीबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. गोविंदरावांनी लिफ्टच्या आकड्यांकडे बघायला सुरुवात केली. आल्हादने एकदा आईकडे पाहिलं, एकदा वडिलांच्या काखेतल्या वहीकडे, आणि वर बघत म्हणाला, "हो हो, येतो ना. बघतो जरा इकडचं... येतो. तुम्ही त्या दुसऱ्या पार्टीला दाखवून टाका तोपर्यंत. मी येतो."

"लक्षात आलं सर," एजंट उदास आवाजात म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

"म्हणजे निघायचं का आपण?" मालिनीबाईंनी विचारलं.

"नाही गं. हे न जायचं 'येतो' आहे. त्याला कळलं बरोबर."

दार दुसऱ्यांदा म्हणालं, "या. स्वागत आहे."

"त्याला नाही कळलं," गोविंदराव म्हणाले, आणि त्यांनी स्वतःच पुढे होऊन दार ढकललं.

आत हॉलचा दिवा लखलखीत लागलेला होता आणि मोरीत गरम पाण्याची तयारी चालली होती. मालिनीबाईंनी आधी दोन्ही बंद केलं. मग बॅग उघडून वाटेत खायला घेतलेला डबा बाहेर काढला आणि टेबलावर तीन ताटल्या मांडल्या. पोळ्या अजून मऊ होत्या.