अंगठीची आतली बाजू

“सौंदर्य म्हणजे काय?” असं विचारून सरांनी डोळे मिटून घेतले.

वर्गात आम्ही सात जण होतो. सातही जणांच्या हातात तांब्याची तार होती आणि ती वळवायची कशी हे अजून कुणी सांगितलं नव्हतं.

“जे मनाला आनंद देतं, ते,” माझ्या शेजारचे मॅनेजर म्हणाले. ते बँकेतून निवृत्त झाले होते, पण ही बातमी अजून त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती.

“वा!” सर डोळे न उघडता म्हणाले. “आणि तुम्ही, मॅडम?”

“डाग द्यायला कितव्या शनिवारी शिकवणार?” मी विचारलं.

सरांनी डोळे उघडले. “पाचव्या. पण आधी दृष्टी यायला हवी.”

दृष्टी येण्यात चार शनिवार गेले. जाहिरातीत ‘सहा शनिवारांत दागिने घडवा, स्वतःला घडवा’ असं लिहिलं होतं. मला घडायचं नव्हतं. मला फक्त डाग देऊन सोन्याचे दोन तुकडे एकमेकांना जोडायचे होते.

मी कवळ्या बनवते. गेली एकतीस वर्षं, एका दवाखान्याच्या मागच्या खोलीतल्या लॅबमध्ये, मेणावर दात बसवते. माझं काम ज्याच्या तोंडात असतं तो ते नसल्याचं शपथेवर सांगतो. काम चांगलं झाल्याची हीच खूण. त्यामुळे सौंदर्यावर बोलायला मला कुणी बोलावत नाही. बोलावलं असतं तर सांगितलं असतं, की नव्या पोरी कवळीत सगळे दात एका ओळीत, एका उंचीचे बसवतात, आणि म्हातारा हसला की पेटीच्या पट्ट्या दिसतात. मी एक दात केसभर तिरका ठेवते. लोकांना तो दिसत नाही, पण माणूस खरा वाटतो.

अंगठी आईची होती. बारीक पानांच्या नक्षीची, ताईच्या बोटात चाळीस वर्षं असलेली. ताई बाथरूममध्ये घसरली, बोट भोपळ्यासारखं सुजलं, आणि दवाखान्यातल्या नर्सने अंगठी अर्ध्या मिनिटात कापून हातावर ठेवली. बोट बरं झालं, सांधा मात्र जाडच राहिला. आता अंगठीत तुकडा घालून ती वाढवायला हवी होती. तीन सराफांनी ‘वितळवा, नवी करा’ असं सांगितलं. तिसऱ्याने तर कॅटलॉगच उघडला. म्हणून मी या वर्गात.

आमच्या घरात दोन मुली. एक सुंदर, एक हुशार. हुशार का म्हणतात, हे दुसरीला लवकर कळतं. ताईचा वरचा एक दात शेजारच्यावर चढलेला होता. त्याची तिला इतकी लाज, की हसताना हात आपोआप तोंडावर जायचा. त्या हातावर अख्खी गल्ली फिदा होती. आईने तिच्या विसाव्या वर्षी अंगठी काढून दिली. म्हणाली, “तुझा हात सारखा तोंडाशी. लोकांना बघायला काहीतरी असू दे.” माझे हात कुठे असतात याची चौकशी झाली नाही.

दोन वर्षांपूर्वी ताईचे दात काढावे लागले. “सरळ बसव हं,” ती मला म्हणाली. “जाहिरातीतल्यासारखे.”

मी तिला तिचा वाकडा दात परत दिला. अगदी तसाच, तेवढाच चढलेला. कसब म्हणून की खुन्नस म्हणून, हे मी स्वतःला विचारलेलं नाही.

“अठ्ठावन्न वर्षं ज्याला झाकलं, तोच बसवलास?” आरसा बघून ती ओरडली होती. पण कवळी वापरायला लागली. लोक विचारायचे, “या वयात अजून स्वतःचे दात?” आणि ताई हात तोंडावर नेऊन हसायची.

आणि आता तिच्या शाळेच्या बॅचचं संमेलन ठरलं होतं, चव्वेचाळीस वर्षांनी. त्यासाठी ग्रुपवर महिनाभर फुलांचे फोटो चालले होते.

“मी नाही जाणार,” ताई म्हणाली.

“का?”

“मोकळ्या बोटाने? सगळ्या त्या हातालाच ओळखतात गं, तिकडेच बघतील.”

“मग नको जाऊस.”

“दात सरळ करून दे, म्हणजे हात खालीच ठेवते.”

“नाही करणार.”

“म्हणजे तूच कोंडून ठेवलंयस मला,” ती म्हणाली, आणि आत जाऊन पडली. पंधरा दिवसांत ती बाहेर पडली नव्हती. दार उघडतानासुद्धा तो हात पदराखाली असायचा.

पाचव्या शनिवारी मी अंगठी रुमालातून काढली. सरांनी ती दोन बोटांत धरून उजेडात फिरवली.

“ही नक्षी मृत आहे, मॅडम. हिला मुक्त करा.”

“जोडून घेतली तर चालेल?”

“दुरुस्ती म्हणजे कला नव्हे,” सर म्हणाले, आणि गॅसची ज्योत पेटवून दिली. तेवढं मात्र त्यांना येत होतं.

मी सांध्याला टाकणखार लावला, नवा तुकडा बसवला. पहिल्यांदा वितळलेला डाग पळाला, थेंब होऊन भलतीकडेच जाऊन बसला. दुसऱ्यांदा सोनं लाल व्हायला लागलं. सरांनी एवढंच सांगून ठेवलं होतं, की यापुढे दोन श्वास जास्त थांबलात तर हातात गोळी येईल. मी एकच श्वास घेतला. डाग सांध्यात शिरला, मी हात मागे घेतला. अंगठी जुळली. सांध्याजवळच्या एका पानाची शीर तेवढी वितळून गेली. आई रोज त्या पानावरून अंगठा फिरवायची.

“छान,” मॅनेजर वाकून म्हणाले, “पण जोड दिसतोय.”

“तळहाताकडे येईल तो.”

“तरी दिसतोय.”

बँकेत यांच्या हाताखाली जे कुणी होते, त्यांची मला पहिल्यांदाच दया आली.

सहाव्या शनिवारी प्रदर्शन. काळ्या मखमलीवर आम्ही आपापल्या वस्तू मांडल्या. मॅनेजरांनी मोर करायला घेतला होता, आता ते त्याला ‘अमूर्त’ म्हणत होते. सरांनी माझी अंगठी उचलली, आत करंगळी फिरवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “अरेरे! आतून खरखरीत! पॉलिशच नाही?”

बाहेरून मी ती आरशासारखी केली होती. आतून कानस मारली होती, ती तशीच होती. कवळीची हिरडीला टेकणारी बाजू पॉलिश करायची नसते. घासली की झिजते, झिजली की तोंडात खेळायला लागते. एकतीस वर्षं माझे हात आतल्या बाजूपाशी येऊन थांबत आले होते. इथेही थांबले, मला न विचारता.

“एवढं प्राथमिक!” सर म्हणाले. “जे दिसत नाही, तेही सुंदर हवं, मॅडम.”

सरांच्या गळ्यात त्यांनीच घडवलेलं मोठं पदक असायचं. त्याची मागची बाजू मी पहिल्याच शनिवारी पाहिली होती. सोल्यूशनने चिकटवलेली होती. मी बोलणार होते, पण चूक माझीच होती. पॉलिशच्या मशीनवर मॅनेजरांचा मोर पुन्हा चढला होता, आणि तो उतरण्याची लक्षणं नव्हती. संमेलन दुसऱ्या दिवशी सकाळी. मी अंगठी रुमालात बांधली आणि प्रमाणपत्र न घेताच निघाले.

ताईने दार डाव्या हाताने उघडलं.

“झाली?”

“बघ.”

तिने आधी जोड शोधला, मग ते पान. त्यावरून अंगठा फिरवला, थांबली. “इथे गुळगुळीत झालंय.”

“माझ्याकडून वितळलं.”

मला वाटलं, आता रडेल. तिने अंगठी बोटात घातली. सांध्यापाशी अडली, मग थोडी फिरवल्यावर पलीकडे गेली आणि तिथेच बसली.

“टोचतंय गं आत.”

“पॉलिश राहिलंय. दे काढून, लॅबमध्ये जाऊन करून आणते.”

ताईने ओढली. साबण लावून ओढली. शेवटी मी ओढली, तेव्हा ती किंचाळली.

“एक काम धड येत असेल तुला!” ती म्हणाली. “आधी तो दात, आता हे!”

“मग नको जाऊस उद्या.”

“जाणार!” ती म्हणाली, आणि कोणती साडी नेसू ते विचारायला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी लॅबमध्ये होते. रविवारी कुणी नसतं, काम नीट होतं. फोनवर फोटो आला. साठीच्या वीस बायका, वीस जणी दात दाखवून हसताहेत. दात कुणाचे कसले आहेत ते मला लगेच कळतं, आणि त्यातले बरेच वाईट होते. मधोमध ताई. हात तोंडावर. अंगठी स्वच्छ दिसत होती. दात दिसत नव्हता.

मी लिहिलं, ‘टोचतेय का अजून? संध्याकाळी ये, कापून पॉलिश करते.’

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. ‘हात लावू नकोस. सगळ्यांनी ओळखलं मला.’

फोन बाजूला ठेवला. मेणावर एका पोस्टमनचे दात मांडून ठेवले होते, त्यातला एक मी केसभर तिरका केला. मग हात धुवायला बेसिनपाशी गेले. वरती छोटा आरसा आहे. माझे दात सरळ आहेत, सगळे माझे स्वतःचे. आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी हसून पाहिलं, आणि हसताना हात तोंडापाशी नेला.

बोटांना मेणाचा वास येत होता. हात खाली घेतला, पुसला, आणि पोस्टमनच्या खालच्या दातांच्या कामाला लागले.