तळच्या कप्प्यातल्या बाटल्या

मी एक जुनी ऊबपेटी आहे. बडोद्यातल्या एका प्रयोगशाळेत सगळे मला इन्क्युबेटर म्हणतात आणि खुशाल माझ्या डोक्यावर जेवणाचे डबे ठेवतात. वैताग आहे नुसता.

मित्रांनो, माझे काम एकच, पोटात सदतीस अंश ऊब राखायची. संशोधक नीराबाई ब्लड कॅन्सरच्या रुग्णांच्या रक्तातल्या पेशी बाटलीत घालून माझ्याकडे सोपवत. त्या वाढतच राहिल्या, तर त्यांच्यावर वर्षानुवर्षे नवी औषधे पारखता येतात. पण राहतील तर ना? तेवीस जणांच्या पेशी महिन्याभरात मेल्या. त्यात येता-जाता सगळे माझे दार उघडणार. अरे, बघून का वाढतात त्या?

चोविसावे रुग्ण कारेलीबागेतले दामोदर मास्तर. मास्तर गेले, पण त्यांच्या पेशी वाढत राहिल्या. चांगले आठ महिने. त्यांच्या पत्नी अहल्याबाई दर गुरुवारी येऊन माझ्यासमोर उभ्या राहत आणि विचारत, "बरे आहेत ना?"

"मजेत आहेत," नीराबाई म्हणत. त्यातल्या थोड्या पेशी सोमवारी गोठवून कायमच्या जपायचे ठरले होते.

आदल्या शनिवारी नीराबाई घाईत म्हणाल्या, "श्रीपतराव, त्या खाली बाटल्या धुऊन टाका." श्रीपतराव साताऱ्याहून नवीनच आलेले मदतनीस. बाईंची मराठी बडोद्याची, त्यांचे 'खाली' गुजरातीतले, म्हणजे रिकाम्या. तशा बाटल्या टेबलावर होत्याही. पण साताऱ्यात खाली म्हणजे खाली. श्रीपतरावांनी माझे दार उघडले, तळच्या कप्प्यातल्या मास्तरांच्या सगळ्या बाटल्या काढल्या आणि मोरीत ओतल्या. त्यांना ते गढूळ पाणी वाटले. मला तोंड असते तर त्या दोघांना चांगले फैलावर घेतले असते. एकीने नीट सांगायचे नाही, दुसऱ्याने विचारायचे नाही. मी आठ महिने राबले ते कशासाठी?

गुरुवारी नीराबाईंनी अहल्याबाईंना सगळे खरे सांगितले. श्रीपतरावांना मान वर करवेना.

"दोनदा गेले हो ते," अहल्याबाई म्हणाल्या.

मित्रांनो, सांगताना पुरते सांगा आणि कळले नाही तर लाजू नका, विचारा. बाकी काही मागत नाही मी.

त्याच दिवशी पंचविसाव्या रुग्णाची बाटली आली. अहल्याबाईंनी पेन मागून घेतले आणि तिच्या चिठ्ठीवर ठळक अक्षरांत लिहिले, 'यात माणूस आहे. ओतू नये.'