आधीचा वेग

बारकी माझी मावसबहीण. वयाने माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, आणि रस्ते आखण्याच्या आमच्या कार्यालयात माझ्यानंतर दोन वर्षांनी लागली. उपनगरातल्या शाळेच्या रस्त्यासाठी आम्ही दोघींनी वेगवेगळे आराखडे दिले. साहेबांनी तिचा निवडला. घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मागून आली आणि पुढे गेली की गं," आणि पुन्हा कपड्यांच्या घड्या घालायला लागली.

माझा आराखडा वाईट नव्हता. नऊ मीटरच्या रस्त्याच्या दोन्ही कडांना रंगवलेली सायकलपट्टी आणि चार गतिरोधक. बारकीच्या कागदावर एकही गतिरोधक नव्हता. तिने गाड्या उभ्या करायची जागा आधी डावीकडे, मग उजवीकडे अशी आलटून पालटून ठेवली होती, त्यामुळे सरळ रस्त्याला आपोआप वळणं पडली. वळण दिसलं की चालकाचा पाय न सांगता ब्रेककडे जातो. सायकली जायच्या त्या उभ्या गाड्या आणि पदपथ यांच्या मधून, वाहत्या गाड्यांचा धक्का लागायची भीती नाही. कागद पाहिला त्या क्षणी कळलं की हे मला सुचायला हवं होतं. पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून.

पक्कं बांधकाम करण्याआधी महिनाभर प्लास्टिकचे शंकू आणि कुंड्या ठेवून पाहायचं ठरलं. वेग ताशी निदान आठ किलोमीटरने उतरला तर रस्ता होणार, नाहीतर आराखडा कपाटात. आधीचा आणि नंतरचा वेग मोजायचं काम माझ्याकडे आलं.

या मोजणीचा पहिला नियम असा, की मोजणारा दिसता कामा नये. स्पीडगन घेतलेला माणूस दिसला की सगळेच चालक सज्जन होतात. मी आधीच्या मोजणीला नारिंगी जाकीट घालून पदपथाच्या कडेला उभी राहिले. गाडीत उकडतं, पाय अवघडतात, अशी दोन कारणं मनाशी तयार ठेवली होती. दोनशे गाड्या मोजल्या. शंभरातल्या पंच्याऐंशी गाड्या ज्या वेगाच्या आत असतात तो आकडा धरायचा. तो आला अडतीस. शंकू लागल्यावर मात्र नियमाप्रमाणे उभ्या गाडीत बसून मोजलं. छत्तीस.

"दोनच?" बारकीने विचारलं.

"दोनच."

त्या दुपारी मला जेवण छान लागलं.

दोन दिवसांनी तिच्या टेबलापाशी गेले, तर ती संगणकावरच्या नकाशातली वळणं पुसत होती.

"हे काय चाललंय?"

"काही उपयोग नाही ना त्यांचा. आकडेच सांगतायत. सरळ करून टाकते, आणि तुझे गतिरोधक घेते. चालेल ना ताई?"

दोन महिने मला जे हवं होतं ते तिने आपणहून हातात आणून ठेवलं होतं. पण पडद्यावरून एकेक वळण नाहीसं होताना पाहिलं आणि मला तिचाच राग आला. इतकं चांगलं काढलं, आणि दुसऱ्याच्या एका आकड्यापायी पुसतेय. मला सुचलं असतं तर मी कुणाच्या बापाचं ऐकलं नसतं.

"थांब," मी म्हणाले. "आधीची मोजणी चुकलीय. मी जाकीट घालून बाहेर उभी होते. चालकांना दिसत होते."

साहेबांनाही जाऊन तेच सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "पहिल्या आठवड्यात शिकवतो आपण हे." एवढंच बोलले. आठवडाभर शंकू उचलून ठेवले, चालकांना जुनी सवय पुन्हा लागू दिली, आणि मी गाडीत बसून मोजलं. एकोणपन्नास. म्हणजे फरक तेरा किलोमीटरचा. बैठकीत बारकीचा आराखडा पाच मिनिटांत मंजूर झाला.

बैठकीनंतर ती मागच्या पायऱ्यांवर माझ्याशेजारी येऊन बसली.

"मनाला लावून घेऊ नकोस गं. होते चूक. मी सांगितलंय साहेबांना, ताईला ओरडू नका, तिच्यावर कामाचा बोजा होता. पुढचे काही दिवस मी येत जाईन तुझ्याबरोबर मोजायला."

नवशिकीच्या पाठीवरून फिरवावा तसा तिचा हात माझ्या पाठीवरून फिरत होता. तो मला सोसवेना.

"चूक नव्हती ती," मी म्हणाले. "नियम मला तुझ्याआधीपासून पाठ आहे. मी मुद्दाम उभी राहिले."

हात थांबला. मग तिने तो काढून घेतला.

"माझा आराखडा पडावा म्हणून?"

"हो."

आता ती रडेल, भांडेल, मावशीला फोन करेल, असं सगळं मला वाटून गेलं.

"साहेबांना तू सांगतेस की मी सांगू?" तिने विचारलं.

"मी," म्हणाले आणि उठले. साहेबांच्या खोलीकडे जाताना कळलं, तिच्या जागी मी असते तर विचारत बसले नसते. सरळ जाऊन सांगून टाकलं असतं.