स्टुलामागची जागा

शाळेतल्या बाईंनी फर्मान काढलं होतं, की घरी मुलांशी दुकान-दुकान खेळा, म्हणजे त्यांना पैशांचं कळायला लागेल. बाईंना सांगायला काय जातं? दिवसभर किराणा मालाच्या मोठ्या दुकानात काउंटर सांभाळून आलेल्या आईने संध्याकाळी घरी पुन्हा दुकान मांडायचं, ही कल्पना कोणाच्या सुपीक डोक्यातून निघाली असेल, देव जाणे.

तरी तिने मांडलं. स्टुलाचा काउंटर झाला, रिकामे डबे आणि साबणाची खोकी हा माल, शर्टाची बटणं म्हणजे नाणी आणि नोटा जुन्या कॅलेंडरच्या. पाच वर्षांच्या लेकीला घरात सगळे कारभारीण म्हणत, कारण कोणी कुठे बसायचं हे तीच ठरवायची. इथेही तिनेच ठरवलं. "तू काउंटरवाली. मी गिऱ्हाईक."

आजीची पर्स खांद्याला अडकवून गिऱ्हाईक आलं. एक हात कानाला, म्हणजे फोन. तिने साबणाचं खोकं आपटलं, आईकडे न बघता दोन नोटा स्टुलावर भिरकावल्या आणि "हो रे, निघालेच," असं फोनवर कोणाला तरी सांगत उभी राहिली.

आजीची हसून हसून पुरेवाट झाली. आईला हसू आलं नाही. शनिवारी शाळा लवकर सुटली की पोरगी तिच्या काउंटरमागे पुठ्ठ्याच्या खोक्यावर बसून असायची. मॅनेजरने ते चालवून घेतलं होतं एकाच अटीवर, पोरीचा आवाज यायला नको. आवाज कधी आला नाही. पण डोळे तर उघडेच होते.

दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "आज तू हो काउंटरवाली."

"नको."

"का गं? सगळा गल्ला तुझ्याकडे."

"मला नाही व्हायचं." कारभारणीने नाक मुरडलं. "तिच्याकडे कोणी बघतच नाही."

गिऱ्हाइकांचं वागणं तिच्या केव्हाच अंगवळणी पडलं होतं. पण आपण दिवसभर जिथे बसतो ती जागा आपल्या लेकीला खेळातसुद्धा नको आहे, हे तिला सोसेना. तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून रागही आला.

"पैसे असे फेकायचे नसतात," ती कडक आवाजात म्हणाली. "हातात द्यायचे."

"तू कुठे देतेस? तू उरलेले पैसे बशीत टाकतेस."

खरंच होतं ते. काउंटरवर सुट्ट्या पैशांसाठी प्लॅस्टिकची बशी होती. नोकरीला लागली तेव्हा ती लोकांच्या हातातच पैसे द्यायची. पण आपण हात पुढे करावा आणि समोरच्याचा येऊच नये, असं सारखं होत राहिलं की माणूस बशीच जवळ करतो. फेकलेल्या नोटा उचलता उचलता तीही टाकायला शिकली होती.

शनिवारी तिने बशी काउंटरखाली ठेवून दिली. पहिल्याच आजोबांच्या तळहातावर सुट्टे ठेवले तर ते दचकले. मग मागे बघून म्हणाले, "पिल्लू तुझं वाटतं?" एक बाई ओशाळून हसली. खोक्यावरची चुळबुळ थांबली होती.

मग एक माणूस आला, फोन कानाला लावूनच. नोटा भिरकावल्या, त्यातली एक उडून तिच्या पायाशी पडली. तिने ती उचलली, हिशेब केला आणि उरलेले पैसे घेऊन हात पुढे केला. त्याने न बघताच बशीच्या जागी बोटं फिरवली. बशी नव्हती.

"अहो, आटपा की," रांगेतून कोणीतरी म्हणालं. मॅनेजरने मान वर केली. मुकाट्याने बशी काढावी, उगाच नोकरीवर बेतायचं, असं तिला वाटून गेलं. पण पोरीचे डोळे पाठीला जाणवत होते. तिने हात तसाच धरला.

"साहेब, तुमचे पैसे."

त्याने शेवटी तिच्याकडे पाहिलं. "एक मिनिट हं," असं म्हणून फोन खाली घेतला आणि तळवा पुढे केला. तिने त्यावर पैसे ठेवले. "थँक्यू," म्हणाला आणि गेला. झालं, एवढंच. मॅनेजरची मान पुन्हा खाली गेली.



संध्याकाळी आई सवयीने स्टुलामागे जाऊन बसली. कारभारीण आली ती पर्स न घेताच. आईच्या खांद्याला धक्का देत म्हणाली, "सरक. इथे मी बसणार."

आई उठली आणि गिऱ्हाईक झाली. साबणाचं खोकं घेतलं, नोट लेकीच्या हातात दिली. लेकीने ती आईसारखीच उजेडात धरून तपासली, बटणं मोजली आणि मूठ पुढे केली.

आई डोळे पुसत होती, म्हणून तिचा हात यायला जरा उशीर झाला. कारभारीण मूठ तशीच धरून थांबली.